आईला सगळं पाठ आहे

माझ्या आईच्या स्मरणशक्तीचं कौतुक ऐकलं की मला शिसारी येते. बोलणारं माणूस चांगल्या मनानं बोलत असतं, हे कळतं मला. तरी येते. हे कौतुक मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, आणि त्यानं आईचं इतकं वाटोळं केलंय, की आता कुणी "आईंची मेमरी काय जबरदस्त आहे हो" असं सुरू केलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणू देत.

आमचं घर वसईच्या होळी गावात. घरामागे वाडी, वाडीत केळी, अळू, थोडी भाजी आणि कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं आमचं छोटं तळं. आम्ही ख्रिस्ती. गावात कुणी वारलं की त्या घरी सात दिवस संध्याकाळी रोझरी होते. शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे जमतात, एक जण पुढे प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. आमच्या आळीत पुढे म्हणायचा हा मान वर्षानुवर्षं आईचा होता. हातात माळ, डोळे मिटलेले, आवाज खणखणीत. शेवटची लांबलचक लितानी, म्हणजे मारियामातेच्या एकेका नावानं केलेली विनवणी, तीसुद्धा ती पुस्तकाशिवाय म्हणायची, आणि चष्मा लावून पुस्तक उघडणाऱ्या बायकांकडे जरा कीव आल्यासारखी बघायची. देवळातून, म्हणजे चर्चमधून (आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात), फादर येवोत न येवोत, आई आली की रोझरी सुरू.

मी गोखिवऱ्याला राहते आणि शाळेत गणित शिकवते. घोकंपट्टी मला लांबून ओळखू येते. सतराचा पाढा धडाधड म्हणून दाखवणारं पोर "सतरा मुलांना पाच-पाच पेनं द्यायची तर किती लागतील" असं विचारलं की पंख्याकडे बघायला लागतं. पाढा म्हणणारी जागा वेगळी आणि डोकं चालवणारी जागा वेगळी, एवढं मला डॉक्टर न होताही ठाऊक होतं. माझ्या माणसांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आधी विसरायला लागले ते पप्पा. एका दुपारी ते वाडीत गेले आणि परतलेच नाहीत. माझ्या भावाला ते बावखलाच्या काठावर बसलेले सापडले, एक चप्पल पाण्यात. घर पन्नास पावलांवर होतं, पण त्यांना कुठे जायचं ते सुचत नव्हतं. त्याच्या आधीच आईनं त्यांचं बरंच काही टिपलं होतं. बनियन शर्टावरून घालतात, चहा पिऊन झाल्यावर चहा मागतात, देवळात चुकीच्या बाकावर जाऊन बसतात. ती हे भावाला सांगत होती. बावखलाच्या प्रकारानंतर भाऊ त्यांना लगेच डॉक्टरकडे घेऊन गेला आणि तपासण्या झाल्या. अल्झायमर निघाला, पण सुरुवातीलाच कळलं म्हणून डॉक्टरांनी शाबासकी दिली.

मग घरात माणसांची रीघ लागली. कुणी सफरचंदं आणली, कुणी हॉर्लिक्स. पप्पांची खुर्ची खिडकीपाशी हलली, टीव्हीचा आवाज कमी झाला, वरच्या मजल्यावर राहणारे भाऊ-वहिनी कामावर जाताना आणि आल्यावर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. पप्पांच्या आजाराला पहिल्या दिवसापासून मान मिळाला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांना तो मिळायलाच हवा होता. त्यांना अंघोळ कोण घालणार, गोळ्या कोण देणार, रात्री उठून दाराची कडी काढायला गेले तर मागे कोण धावणार, हे मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही. "आई आहे ना," असं भाऊ म्हणाला, आणि विषय संपला.

नवऱ्याच्या डोक्यात काही बिघडलं तर ते बायकोला कळतं, कारण ती दिवसभर त्याच्याकडे बघत असते. बायकोच्या डोक्यात बिघडलं तर बघायला कोण असतं? आमच्या घरात बघणारा माणूस स्वतःच आजारी होता.

मला पहिल्यांदा वास आला. सुट्टीच्या दिवशी मी गेले की सवयीनं फ्रीज उघडायची. एकदा उघडला आणि एकेक भांडं बाहेर काढलं. बोंबलाचं कालवण, त्यावर पांढरी लव, आणि वर व्यवस्थित झाकण. त्याच्या शेजारी दुसऱ्या भांड्यात तसंच कालवण, तेही आंबलेलं. तिसऱ्यात ताजं. पावाच्या पिशवीत हिरवे पडलेले पाव, तांदळाच्या पिठात अळ्या वळवळताना. हीच बाई मासे साफ केल्यावर मोरी तीन-तीनदा घासायची आणि शेजारणीच्या ओट्याला नावं ठेवायची. मी ती भांडी वाडीत नेऊन ओतली, खड्डा करून पुरली, आणि तिथेच मला ओकारी आली.

"आई, हे किती दिवसांचं आहे?" मी आत येऊन विचारलं.

"अगो, ते होय?" ती हसली. "तुझ्या पप्पांना आवडतं म्हणून केलं. त्यांचं माहितेय ना तुला, लग्नाच्या आधी आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बोंबील बघून असे खूश झाले, की माझी आजी म्हणाली, या पोराला मुलगी नको, माशांची पाटी द्या."

आणि मग ती पूर्ण गोष्ट सुरू झाली, आजीच्या आवाजासकट. इतकी रंगवून सांगितली की मीसुद्धा हसले. कालवण किती दिवसांचं, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. पुढे लक्ष ठेवल्यावर दिसलं की हे दरवेळी असंच होतं. आज वार कोणता विचारलं तर "शिक्षक तू की मी?" सकाळी काय खाल्लं विचारलं तर "तुझ्या शाळेत जेवण देतात ना हल्ली, ते बरं असतं का गो?" शब्दांना तोटा नव्हता. आतली भिंत पडत होती आणि बाहेर आई तोरणं बांधत होती.

भावाला सांगितलं तर म्हणाला, "दमली आहे ती. पप्पांचं करून कोणीही दमेल. तू उगाच टेन्शन घेतेस आणि देतेस."

दमली आहे तर मग माणूस ठेव, असं म्हटलं. त्यावर तो मोबाईल बघायला लागला. वहिनी म्हणाली, "आईंचं पहिल्यापासूनच जरा लक्ष नसतं." पप्पांची बहीण, माझी आत्या, दर रविवारी देवळातला मिस्सा झाला की आमच्याकडे नाश्त्याला यायची. तिचं मत सगळ्यांत भारी. "माझ्या भावाला सगळे विचारतात ना, म्हणून तिलाही काहीतरी पाहिजे," असं आत्या आईनंच केलेल्या पोळ्या खाता-खाता म्हणाली. पप्पांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला तर आजार, आईनं ठेवला तर सोंग. त्या दिवशी मला आत्याच्या चघळणाऱ्या तोंडाकडे बघवलं नाही.

मी हट्टच धरला तेव्हा भाऊ आईला डॉक्टरकडे न्यायला तयार झाला. तयार कसला, माझं तोंड बंद करायला निघाला. पप्पांना तपासलं होतं तेच डॉक्टर, तेच टेबल. त्यांनी आईला काही शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितले. मधे चार इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग विचारलं. आईनं सगळे शब्द सांगितले, तेसुद्धा त्याच क्रमानं आणि जवळजवळ चालीत. मग भाज्यांची नावं विचारली. आमची वाडीवाली आई! थांबेनाच. डॉक्टर हसले, म्हणाले, "आजी, तुम्ही तर माझी परीक्षा घेताय. एकदम फर्स्ट क्लास!"

आईचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा झाला. भावानं तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर, घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: आई पास, टीचर फेल. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. गाडीत तो शीळ वाजवत होता. मागच्या सीटवर आई माझ्या कानाशी लागली आणि हळूच म्हणाली, "आपण कुणाकडे गेलो होतो गो?" मी भावाला म्हटलं, ऐकलंस? तो म्हणाला, "तिला तुझी मस्करी करायची सवय आहे." माझा हात त्याच्या मानगुटीपर्यंत जाऊन परत आला.

त्यानंतर काही महिन्यांनी शेजारचे एक म्हातारे गृहस्थ वारले. रोझरीला अर्थातच आई. मी शाळेतून थेट तिथेच गेले होते. पप्पांनाही आणलं होतं, त्यांना पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. आईनं गुडघे टेकले आणि सुरुवात केली. पाच रहस्यं, म्हणजे माळेचे पाच टप्पे, झाली, लितानी झाली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्या मागे बसलेली कुणीतरी कुजबुजली, "या वयात बघा!"

लितानीनंतर आमच्याकडे पुढे म्हणणाऱ्यानं दोन वाक्यं स्वतःची बोलायची असतात. ज्याच्यासाठी जमलो त्याच्या आत्म्यासाठी विनंती करायची, त्याच्याबद्दल एखादा चांगला शब्द बोलायचा. अख्ख्या रोझरीत तेवढीच एक जागा पाठ नसलेली. दर घरी वेगळी, दर मयताला वेगळी. तिथे त्या दिवशीचं आठवावं लागतं.

आई क्षणभर थांबली. मग त्याच खणखणीत, गोड आवाजात म्हणाली, "हे दयाळू देवा, माझ्या यजमानांच्या आत्म्याला चिरशांती दे. ते कष्टाळू होते, त्यांनी मला कधी उणं पडू दिलं नाही, वाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. त्यांना तुझ्या घरी जागा दे."

पुढच्या खुर्चीतून पप्पा भक्तिभावानं म्हणाले, "आमेन."

मग मागच्या रांगेतून एक पुरुष फिसकन हसला आणि त्याला कुणीतरी कोपरानं ढोसलं. जिच्या घरी मयत झालं होतं ती बाई आईकडे बघत राहिली. आईनं शांतपणे क्रुसाची खूण केली आणि उठायला माझा हात मागितला. तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं.

त्यानंतर चहा-बिस्किटांबरोबर जे चाललं, त्याची आठवण झाली तरी माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. "मनात होतं ते ओठावर आलं," आत्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाली. "सुटका हवी असणार बिचारीला," दुसरी. "जिवंत माणसाचं असं बोलावं का? अपशकुन!" तिसरी. सुटका हवी असेल हे त्यांना पटत होतं, बरं का. एवढी वर्षं पटत होतं, पण म्हणून एक दिवस येऊन पप्पांजवळ बसायचं एकीलाही सुचलं नव्हतं. भावानं आईला दंडाला धरून अंगणात नेलं. "पप्पा समोर बसलेत आणि तू त्यांना मारतेस? लाज नाही वाटत?"

"मी काय केलं?" आईनं विचारलं. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिच्या तोंडून पुढची गोष्ट निघत नव्हती. मग तिनं माफी मागितली. कशाची, ते तिला माहीत नव्हतं. भावाची, मग आत्याची, मग पप्पांची. सगळ्यांनी ती माफी घेतली! उदारपणे घेतली. बाई आजारी असेल यापेक्षा बाई वाईट असेल हे मानणं या लोकांना केवढं सोपं जातं. मी सगळ्यांसमोर भावाला शिवी दिली, एक अस्सल गावची शिवी, आणि आईला हाताला धरून घरी घेऊन गेले.

यावेळी मी आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्या वयस्कर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आईला शब्द विचारलेच नाहीत. घड्याळ काढायला सांगितलं, तर आईनं सगळे आकडे एका बाजूला कोंबले. इथे कशा आलात, सकाळपासून काय-काय झालं, ते विचारलं, आणि आई गोष्टी सांगायला लागली तेव्हा हसून तिला परत त्याच प्रश्नावर आणलं. पुन्हा आणलं. शेवटी आई गप्प झाली. मग स्कॅन झाला.

फिल्म उजेडाला धरून त्या मला म्हणाल्या, "हे आजचं नाही. बरंच पुढे गेलंय." मग समजावून सांगितलं. शब्द लक्षात ठेवण्यात बायका आयुष्यभर पुरुषांपेक्षा पुढे असतात. त्यामुळे मेंदू आतून झिजला तरी बायका शब्दांच्या जोरावर परीक्षा पास होत राहतात. पुरुष जिथे नापास होऊन वेळेवर सापडतो, तिथे बाई पहिल्या नंबरानं घरी परत जाते. आणि मग एक दिवस तो आधार सुटला, की बाईची घसरण फार वेगानं होते.

"मग मोजायची पट्टी दोघांना एकच कशी?" मी विचारलं.

"पुष्कळ ठिकाणी अजून तशीच आहे," त्या म्हणाल्या.

आणखीही एक गोष्ट सांगितली त्यांनी. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, साचलेला कचरा उचलायचं काम त्यांचं. या आजारात त्या पेशींचंच बिनसतं. कचरा राहतो बाजूला, त्या चिडून चांगल्या पेशींना त्रास द्यायला लागतात. बायकांच्या मेंदूत हे बिनसणं वेगळ्या तऱ्हेनं आणि बहुधा जास्त होत असावं, पाळी गेल्यानंतरच्या बदलांचाही त्यात हात असावा, असं अभ्यासात दिसू लागलंय. "सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बायका जास्त जगतात म्हणून त्यांच्यात हा आजार जास्त, असं म्हणून आम्ही फार वर्षं विषय मिटवून टाकला."

मला हसू आलं, वाईट प्रकारचं. म्हणजे तिथेही, कवटीच्या आतही, उष्टं-खरकटं काढणारीच आधी दमली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मी रिपोर्ट घेऊन होळीला गेले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. भावानं वाचला. दोनदा वाचला. "पण असं अचानक?" तो म्हणाला. अचानक! मी त्याला फ्रीजमधल्या लवेबद्दल, पिठातल्या अळ्यांबद्दल, गाडीतल्या त्या प्रश्नाबद्दल परत सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? आत्या तिथेच होती. "म्हणजे आता याच्याकडे कोण बघणार?" तिनं पप्पांकडे बोट दाखवून विचारलं. रिपोर्ट आईचा होता. तो हातात असतानासुद्धा त्या खोलीतला प्रश्न पप्पांचाच होता.

"माझ्या घरी नेतेय मी तिला," मी म्हटलं. "आजच."

मी आईचे कपडे भरले. कपाटात तिच्या साड्यांमध्ये ओल्या कांद्यांची जुडी निघाली, कुजून पाणी सुटलेली, ती कागदात गुंडाळून टाकून दिली. आईला चप्पल घालायला लावली. ती खुशीत होती, मुलीकडे पाहुणी म्हणून चालल्यासारखी नटली होती. पप्पांजवळ गेली, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "येते हं." पप्पांनी मान हलवली. तेवढा क्षण मला कुणाचाच राग आला नाही.

रिक्षा दारात उभी होती. आई आत बसली, मी पिशव्या ठेवल्या. इतक्यात भाऊ धावत बाहेर आला. मला वाटलं, आता तरी. आता तरी तिच्या डोक्यावरून हात फिरवील, सॉरी म्हणेल, निदान नीट जा म्हणेल.

"आई," तो रिक्षात वाकून म्हणाला, "पप्पांच्या रात्रीच्या गोळ्या कुठे असतात?"

मी तोंड उघडणार तोच आई बोलली. एक क्षणही अडखळली नाही, तीच खणखणीत, गोड, पाठ असल्यासारखी. "आतल्या खोलीतलं शिसवी कपाट नाही का, आरशाचं? त्याच्या वरच्या खणात, बाबांच्या पेटीच्या मागे. किल्ली खिळ्याला आहे."

शिसवी कपाट, बाबांची पेटी, किल्लीचा खिळा, हे सगळं आईच्या माहेरचं. ते घर पाडूनसुद्धा कित्येक वर्षं झाली. आमच्या घरात तसलं कपाट कधीच नव्हतं, आणि त्याच घरात वाढलेल्या माझ्या भावाला ते माझ्याइतकंच माहीत होतं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला, आणि आत शोधायला गेला.